नोकरी पुण्याला गेली, तर अमेरिकेत सरकारी मदत मिळते का?

शेवटचे सहा आठवडे मी रोज सकाळी साडेसातला लॅपटॉप उघडून हिंजवडीतल्या एका मुलीला माझं काम शिकवत होतो. पहिल्या दोन बैठका इंग्रजीत झाल्या. तिसऱ्या दिवशी ती घरून बोलत होती. मागे कुकरची शिट्टी झाली, ती "एक मिनिट हं" म्हणाली, आणि पुढचं सगळं नॉलेज ट्रान्स्फर मराठीतच झालं. साल २०१९. मी ओहायोत, हातात ग्रीनकार्ड, आणि आमच्या विभागातल्या बावीस जणांचं काम भारतात न्यायचं कंपनीनं ठरवलेलं. त्या मुलीवर राग कसला करायचा? पंधरा वर्षांपूर्वी तिच्या जागी मीच होतो.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली. बर्फ उपसता उपसता त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणी पिटिशन टाकलं का?" मला वाटलं, कोर्टकचेरीचं काहीतरी म्हणत असतील. ते बोलत होते ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्सबद्दल, म्हणजे आयातीमुळे किंवा काम परदेशी गेल्यामुळे ज्यांची नोकरी जाते त्यांच्यासाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेबद्दल. सगळे तिला 'टीएए' म्हणतात. कारखान्यातल्या माणसांना ती पाठ असते. आपल्या आयटीतल्या लोकांना तिचं नावही ठाऊक नसतं. म्हणून मला जे धडपडत शिकावं लागलं ते इथे क्रमानं लिहितो आहे.

आधी वाईट बातमी

१ जुलै २०२२ पासून ही योजना बंद होण्याच्या अवस्थेत आहे. अमेरिकी संसदेनं (काँग्रेसनं) मुदत वाढवली नाही, त्यामुळे केंद्राचं कामगार खातं नवे अर्ज घेत नाही आणि अर्जांवर निर्णयही देत नाही. गेल्या महिन्यात तुमची नोकरी गेली असेल, तर आज टीएएचा अर्ज भरायला तुम्हाला जागाच नाही. इंटरनेटवर अजूनही जुनी पानं सापडतात, ती वाचून लोक आशेनं फॉर्म शोधत बसतात. तो वेळ वाया घालवू नका. लेखाच्या शेवटी आजच्या घडीला चालू असलेले मार्ग आहेत, घाई असेल तर सरळ तिथे जा.

बाकीच्यांनी मात्र पुढे वाचावं, कारण दोन प्रकारच्या लोकांना याचा अजून उपयोग आहे. ज्यांच्या कंपनीला आधीच मान्यता मिळाली होती आणि ज्यांची नोकरी ३० जून २०२२ पर्यंत गेली, त्यांचे काही हक्क शिल्लक असू शकतात. दुसरे म्हणजे आत्ताच नोकरी गेलेले. ही योजना याआधीही आखडून पुन्हा पूर्ववत झालेली आहे, आणि तसं होताना मधल्या काळातले अर्जही नव्यानं तपासले गेले आहेत. ती पुन्हा सुरू झाली तर पात्रता कशी ठरेल, याचा अंदाज जुन्या नियमांवरूनच येतो.

ही योजना आली कुठून

१९६२ च्या ट्रेड एक्स्पान्शन अ‍ॅक्टमध्ये तिचं मूळ आहे. व्यापार खुला केला की देशाचा फायदा होतो, पण त्याची झळ ठरावीक गावांतल्या ठरावीक माणसांना बसते, तर त्यांना सावरायला सरकारनं हात द्यावा, असा विचार होता. नियम इतके कडक होते की पहिली काही वर्षं एकही कामगार पात्र ठरला नाही. १९७४ च्या ट्रेड अ‍ॅक्टनं अटी सैल केल्या, आणि आज आपण ज्याला टीएए म्हणतो ती योजना त्या कायद्यातली. इलिनॉयमधल्या गेल्सबर्ग गावचा मेटॅगचा फ्रीजचा कारखाना २००४ मध्ये बंद झाला, काम मेक्सिकोत रेनोसाला गेलं, आणि तिथले कामगार याच योजनेतून पुन्हा कॉलेजात जाऊन बसले. योजनेच्या डोळ्यांपुढे असा माणूस होता: हातानं वस्तू बनवणारा, एका गावात रुजलेला.

आपली पंचाईत नेमकी तिथेच होती. कायद्यात शब्द होता 'वस्तू'. प्रोग्रॅमर काय बनवतो? सॉफ्टवेअर सीडीवर विकलं तर वस्तू आणि तारेवरून पाठवलं तर सेवा, असा अजब युक्तिवाद कामगार खातं अनेक वर्षं करत होतं. इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स आणि कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशन या कंपन्यांचे माजी कर्मचारी न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेले. तिथे खात्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं, आणि २००६ मध्ये हाताला न लागणारं सॉफ्टवेअरही वस्तूच, असं खात्यानं मान्य केलं. पुढे २००९ च्या दुरुस्तीनं सेवाक्षेत्रातले कामगारही थेट आत आले. आम्हा बावीस जणांना जे मिळालं ते या लोकांच्या भांडणामुळे.

पायरी पहिली: तुमच्या जागेला मान्यता मिळाली होती का, ते शोधा

यात दोन दारं आहेत, हे आधी लक्षात घ्या. बेकारी भत्त्यासाठी माणूस एकटा अर्ज करतो. टीएएमध्ये पहिल्या दारावर गट उभा असतो. ठरावीक कंपनीच्या ठरावीक ठिकाणच्या ठरावीक कामाच्या लोकांची नोकरी परदेशी व्यापारामुळे गेली, असं आधी केंद्राचं कामगार खातं ठरवतं. ते ठरलं की मगच दुसरं दार. तिथे राज्याचं रोजगार खातं प्रत्येकाची स्वतंत्र पात्रता बघतं.

पहिल्या दाराचा निकाल जाहीर असतो. प्रत्येक अर्जाला 'टीए-डब्ल्यू' असा क्रमांक मिळतो आणि केंद्राच्या कामगार खात्याच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावानं, गावानं किंवा राज्यानं तो शोधता येतो. शोधताना कंपनीचं बाजारातलं नाव टाकून थांबू नका. पगाराच्या पावतीवर किंवा डब्ल्यू-२ वर (कंपनी वर्षअखेरीला देते त्या पगार आणि कराच्या कागदावर) छापलेलं कायदेशीर नाव टाका, विलीनीकरण झालं असेल तर जुनं नावही टाका. माझ्या एका मित्रानं कंपनी तीन वेळा शोधली, सापडली नाही. मान्यता होती ती मूळ कंपनीच्या नावावर.

मान्यतेचा कागद सापडला की तो शब्द न् शब्द वाचा. त्यात ठिकाण असतं, कधी विभाग असतो, आणि दोन तारखा असतात. त्या तारखांवर सगळं अवलंबून आहे.

अर्ज दाखल झाला त्या दिवसाच्या एक वर्ष मागे गेलं की पहिली तारीख मिळते. मान्यता मिळाली त्या दिवसापासून दोन वर्षं पुढे गेलं की दुसरी. समजा अर्ज १५ मार्च २०२० चा आणि मान्यता ३० एप्रिल २०२० ची. मग १५ मार्च २०१९ ते ३० एप्रिल २०२२ या काळात त्या ठिकाणची, त्या कामातली ज्याची नोकरी गेली तो गटात बसतो. अर्जावर त्याची सही असण्याची गरज नाही. मान्यतेनंतर वर्षभरानं नोकरी गेलेले लोकही यात येतात, आणि नेमके तेच घरी बसून राहतात, कारण 'ती भानगड आधीच्या बॅचची होती' असं त्यांना वाटतं.

पायरी दुसरी: मान्यता कशावर मिळते

अर्ज करणारे तीन कामगार लागत. २०२० च्या नियमांनंतर दोन पुरेसे झाले. युनियन, स्वतः कंपनी किंवा राज्याचं रोजगार खातं यांनाही अर्ज करता येत असे. फॉर्म दोन-चार पानांचा, फी नाही, वकील लागत नाही. आणि ही कंपनीविरुद्ध तक्रार नव्हे. मान्यता मिळाल्यानं कंपनीच्या खिशातून एक डॉलरही जात नाही. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी 'पुढे रेफरन्स लागेल' या भीतीनं सहीला नकार दिला होता. पुढे लाभ त्यांनीही घेतला, ते असो.

पहिला प्रश्न संख्येचा. आमच्या वेळी पन्नासपेक्षा कमी माणसांच्या विभागात किमान तिघांची नोकरी गेलेली किंवा जाण्याच्या बेतात असावी लागे. मोठ्या ठिकाणी पाच टक्के किंवा पन्नास माणसं, यांतला जो आकडा लहान तो.

दुसरा प्रश्न कारणाचा, आणि खरी कसोटी इथे. तुम्ही जे बनवत होता त्यासारख्याच मालाची आयात वाढली आणि कंपनीची विक्री किंवा उत्पादन घटलं, हे एक कारण. काम परदेशात हलवलं, किंवा तेच काम परदेशातून विकत घ्यायला सुरुवात केली, हे दुसरं. अशी मान्यता मिळालेल्या कंपनीला तुमची कंपनी सुटे भाग किंवा सेवा पुरवत होती आणि तो ग्राहक गेल्यानं तुमची नोकरी गेली, तर तोही रस्ता होता. व्यापार हे एकमेव किंवा सगळ्यात मोठं कारण असायला हवं, अशी अट नव्हती. इतर कारणांपेक्षा ते लहान असलं तरी चालत असे, फक्त महत्त्वाचं असायला हवं. पण मंदी आली, यंत्रमानव आणला, काम ओहायोतून टेक्सासला नेलं, एवढंच असेल तर अर्ज नामंजूर. नोकरी गेली हे दुःख सारखंच असतं, तरी कायदा विचारतो ती कुठे गेली.

म्हणून आमच्या अर्जात मी काय लिहिलं ते सांगतो. 'कंपनीनं आम्हाला अन्यायानं काढलं' असं एकही वाक्य नाही. अमुक तारखेपासून अमुक काम पुण्याच्या कार्यालयात करायला सुरुवात झाली, त्याचं प्रशिक्षण आम्ही अमुक आठवडे दिलं, त्या बैठकांची आमंत्रणं सोबत जोडली आहेत, एवढंच. खात्याचे तपासनीस मग कंपनीकडून माहिती मागवतात आणि कंपनीनं टाळाटाळ केली तर समन्सही काढू शकतात. आयातीचा मामला असेल तर ग्राहकांनाही विचारतात. कायद्यानं निर्णयाला चाळीस दिवस दिलेले होते. आम्हाला जास्त लागले.

आता एक खाचखळगा. नियम अर्जाच्या तारखेनुसार बदलतात. २०१५ च्या कायद्याखाली सेवाक्षेत्रही पात्र होतं आणि काम कुठल्याही देशात गेलेलं चालत होतं. १ जुलै २०२१ पासून जुने, आखूड नियम परत आले. सेवाक्षेत्र बाहेर गेलं, आणि उत्पादन परदेशी हलवल्याच्या प्रकरणात ते अमेरिकेशी मुक्त व्यापार करार वगैरे असलेल्या देशात गेलं आहे का, हे बघितलं जाऊ लागलं. भारताशी असा करार नव्हता. त्यामुळे २०२० मध्ये पुण्याला काम गेलेला विभाग पात्र आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये अर्ज केलेला तसाच विभाग अपात्र, असं घडू शकत होतं. तुमच्या मित्राला मिळालं म्हणून तुम्हालाही मिळेल, असं धरून चालू नका.

पायरी तिसरी: तुम्ही त्या गटात बसता का

नोकरी पूर्णच जायला हवी असं नाही. कामाचे तास आणि पगार दोन्ही आधीच्या ८० टक्के किंवा त्याखाली आले असतील, तर तेही अंशतः नोकरी जाणं मानलं जातं. स्वतःहून राजीनामा दिला असेल किंवा गैरवर्तनामुळे काढलं असेल, तर मात्र दार बंद. 'राजीनामा द्या, कागदावर बरं दिसेल' असा सल्ला एचआरवाले कधीकधी फार गोड आवाजात देतात. कारण 'कामाचा अभाव' असंच लिहून घ्या. याचा उपयोग साध्या बेकारी भत्त्यालाही होतो, म्हणून हे वाक्य आज नोकरी गेलेल्यांनीही लक्षात ठेवावं.

आपल्याकडे दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला कन्सल्टंटचा. पगार न्यू जर्सीतल्या एखाद्या लहानशा कंपनीकडून, बसायची जागा मात्र क्लायंटच्या इमारतीत. मान्यता क्लायंटच्या नावावर असेल तर आपण त्यात येतो का? येऊ शकतो. रोजचं काम क्लायंट ठरवत होता, वेळ तो ठरवत होता, कामावर देखरेख त्याची होती, असं दाखवता आलं तर भाडोत्री कामगार त्याच गटाचा भाग मानला जातो, कागदात त्याच्या कंपनीचं नाव नसलं तरी. दुसरा प्रश्न घरून काम करणाऱ्यांचा. तुम्ही इंडियानात घरी बसत होता पण ज्या विभागाला जोडलेले होता तो ओहायोतला, तर तुमचा हिशोब ओहायोतल्या गटाबरोबर होतो.

पायरी चौथी: राज्याच्या खिडकीवर

हे दुसरं दार. जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार केंद्रात, जायचं, टीए-डब्ल्यू क्रमांक सांगायचा आणि वैयक्तिक पात्रतेचा अर्ज भरायचा. तिथल्या बाईंनी मला पहिल्यांदा चुकीच्या रांगेत पाठवलं होतं, कारण आयटीतला माणूस टीएए मागतो आहे हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. क्रमांक छापून न्या.

साप्ताहिक भत्ता, ज्याला 'टीआरए' म्हणतात, त्याच्या अटी जरा किचकट आहेत. नोकरी जाण्याआधीच्या ५२ आठवड्यांत त्या कंपनीत किमान २६ आठवडे काम केलेलं असावं, आठवड्याला किमान ३० डॉलर पगारावर. हा आकडा १९७४ सालातला वाटतो, पण अट अशीच आहे. बेकारी भत्त्याला तुम्ही पात्र असायला हवं आणि तो आधी संपवायला हवा. आणि प्रशिक्षणाला नाव नोंदवलेलं असावं, मान्यता किंवा नोकरी जाणं, यांतलं जे नंतर घडलं त्यापासून २६ आठवड्यांच्या आत. काही कारणांसाठी यातून लेखी सूट मिळते, पण तीही मुदतीच्या आत मागावी लागते.

या २६ आठवड्यांनी जितक्या लोकांना मारलं तितकं कशानं मारलं नसेल. माणूस पहिले चार महिने नोकरी शोधतो. ते साहजिक आहे. पाचव्या महिन्यात हताश होतो, सहाव्यात कॉलेजची माहिती काढतो, आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्ताविसावा आठवडा उजाडतो. मी वाचलो तो एका आठवड्यानं, आणि तेही शेजाऱ्यांनी कॅलेंडरवर लाल पेनानं खूण करून दिली होती म्हणून. मुदत चुकली तरी प्रशिक्षणाचा हक्क जात नाही. जातो तो भत्त्याचा. फी सरकार भरेल, पण घरखर्च तुमचा तुम्ही बघा, अशी ती गत.

काय काय मिळत होतं

सगळ्यात मोठी गोष्ट प्रशिक्षण. फी, पुस्तकं, लागणारं साहित्य, हे सरकार थेट संस्थेला देत असे. त्याआधी सहा प्रश्न विचारले जात: योग्य नोकरी सध्या मिळत नाही ना, प्रशिक्षणानं फायदा होईल ना, ते झाल्यावर नोकरीची वाजवी शक्यता आहे ना, ते जवळपास उपलब्ध आहे ना, तुम्हाला ते झेपेल ना, आणि खर्च वाजवी आहे ना. 'योग्य नोकरी' म्हणजे आधीइतक्याच किंवा वरच्या कौशल्याची आणि आधीच्या सरासरी पगाराच्या किमान ८० टक्के देणारी. गोदामात खोकी उचलायचं काम मिळतं आहे म्हणून प्रशिक्षण नाकारता येत नव्हतं.

भत्त्याचं गणित असं. राज्यात बेकारी भत्ता २६ आठवडे असेल तर ते संपल्यावर आणखी २६ आठवडे मूळ भत्ता, म्हणजे मिळून ५२. प्रशिक्षण चालू असेल तर त्यापुढे ६५ आठवडे, आणि अभ्यासक्रम अगदी संपत आला असेल तर शेवटचे १३. एकूण १३०. रक्कम बेकारी भत्त्याइतकीच, आणि त्यावर केंद्राचा प्राप्तिकर लागतो. करकपात सुरू करून घ्या, नाहीतर एप्रिलमध्ये रडायची वेळ येते. भत्त्यासाठी प्रशिक्षण पूर्णवेळ हवं. अर्धवेळ अभ्यासक्रमाची फी मिळे, भत्ता मिळत नसे.

पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी वेगळी सोय होती आणि माझ्या मते ती सगळ्यात शहाणी होती. या वयात वर्गात बसण्यापेक्षा कमी पगाराची नोकरी पत्करावी असं अनेकांना वाटतं. नवी नोकरी दुसऱ्या कंपनीत आणि वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंतची असेल, तर जुन्या आणि नव्या पगारातल्या फरकाची निम्मी रक्कम सरकार दोन वर्षांपर्यंत देत असे, एकूण १०,००० डॉलरच्या मर्यादेत. जुना पगार ५२,००० आणि नवा ४०,००० असेल तर फरक १२,००० चा, निम्मे ६,०००. दोन वर्षांचे १२,००० होतात, पण हातात १०,०००. आयटीतल्या पगारांना ही मर्यादा तोकडी पडते. आमच्या विभागातल्या दोघा अकाउंटंट बायकांना मात्र तिचा चांगला उपयोग झाला.

दूरच्या शहरात मुलाखतीला जायचा आणि बिऱ्हाड हलवायचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळे.

व्हिसाचा प्रश्न

याबद्दल लोक कुजबुजत विचारतात, म्हणून स्पष्ट लिहितो. नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना अडचण नाही. काम करण्याचा स्वतंत्र परवाना हाती असलेले, उदाहरणार्थ ग्रीनकार्डची रांग लागलेली असताना मिळालेला, तेही बहुधा चालतात. तुमची कागदपत्रं खातं पडताळून बघतं.

एच-१बी वाल्यांची, म्हणजे कंपनीमार्फत मिळालेल्या कामाच्या व्हिसावर असलेल्यांची, गोष्ट निराळी. या सगळ्या योजनांचा पाया म्हणजे बेकारी भत्ता, आणि त्याची अट म्हणजे 'काम करायला समर्थ आणि मोकळा' असणं. एच-१बी वाला कंपनीला बांधलेला असतो, तिथली नोकरी गेली की दुसऱ्या कुणाकडे उद्यापासून रुजू होण्याइतका तो मोकळा नसतो. म्हणून अर्ज सहसा नामंजूर होतो. त्यांनी भत्त्याच्या मागे न लागता घड्याळाकडे बघावं. शेवटच्या कामाच्या दिवसापासून साठ दिवस, किंवा आय-९४ ची (अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची) मुदत, यांतलं जे आधी येईल तोवर नव्या कंपनीचा अर्ज किंवा व्हिसा बदलाचा अर्ज दाखल व्हायला हवा. व्हिसाची मुदत शिल्लक असताना कंपनीनं काढलं आणि तुम्ही भारतात परतणार असाल, तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च देणं कंपनीवर बंधनकारक आहे. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

आज नोकरी गेली असेल तर

पहिल्याच आठवड्यात राज्याच्या बेकारी भत्त्याचा अर्ज भरा. सेव्हरन्स, म्हणजे काढताना कंपनी देते ती रक्कम, मिळालं आहे म्हणून थांबू नका. त्याचा परिणाम राज्यागणिक वेगळा असतो, तो खात्याला ठरवू दे. लाज वाटायचंही कारण नाही. हा विमा आहे, त्याचे हप्ते कंपनीनं कराच्या रूपानं भरलेले असतात, आणि न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात तर तुमच्या पगारातूनही कापलेले असतात. किती आठवडे मिळतो तेही राज्यावर आहे. बऱ्याच ठिकाणी २६, फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायनात त्याच्या निम्म्याहूनही कमी.

नोटीस तपासा. शंभर किंवा जास्त माणसांच्या कंपनीनं मोठी कपात करताना साठ दिवस आधी कळवणं 'वॉर्न' कायद्यानं आवश्यक आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत नव्वद दिवस. न्यू जर्सीत एप्रिल २०२३ पासून मोठ्या कपातीत नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एका आठवड्याचा पगार सेव्हरन्स म्हणून द्यावा लागतो. कंपनी समोर ठेवते त्या कराराच्या कागदावर सही करण्याआधी हे बघा.

आरोग्य विम्यासाठी साठ दिवसांची खिडकी असते. कोब्रा घेतलं तर जुनाच विमा सहसा अठरा महिने चालू राहतो, पण पूर्ण हप्ता वर दोन टक्के असा भुर्दंड पडतो. आरोग्य विम्याच्या सरकारी मार्केटप्लेसवर जाऊन आकडे ताडून बघा, घरात मुलं असतील तर फरक मोठा असतो.

आणि मग जॉब सेंटर. टीएए नसलं तरी तिथे 'डिसलोकेटेड वर्कर' नावाचा कार्यक्रम आहे, २०१४ च्या 'वायोआ' कायद्याखालचा. यात काम परदेशी गेलं की यंत्रानं खाल्लं, हे कुणी विचारत नाही. कपातीत नोकरी गेलेली, बेकारी भत्त्याला पात्र असणं किंवा तो संपलेला असणं, आणि त्याच क्षेत्रात परत काम मिळण्याची शक्यता कमी, एवढं बघतात. अमेरिकेत काम करण्याचा परवाना लागतो. पैसा टीएएइतका सढळ नाही. प्रशिक्षणासाठी ठरावीक रकमेचं खातं मिळतं आणि राज्याच्या यादीतल्याच संस्था चालतात. वर्षाच्या शेवटी निधी संपतो, म्हणून लवकर जा. कपात मोठी असेल तर राज्याचं 'रॅपिड रिस्पॉन्स' पथक कंपनीतच येऊन माहिती देतं. त्या बैठकीला आपले लोक जात नाहीत, 'ते कारखान्यातल्या लोकांसाठी असतं' म्हणतात. जा.

फाईल

शेवटचं काम म्हणजे एक फाईल करणं. नोकरी संपल्याचं पत्र, शेवटच्या वर्षाच्या पगाराच्या पावत्या, तुम्ही कोणत्या विभागात होता याचा पुरावा, आणि काम कुठे गेलं हे दाखवणारे स्वतःकडचे कागद: बैठकांच्या तारखा, तुमच्या वहीतल्या नोंदी, कंपनीनं जाहीर केलेली पत्रकं. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र लॅपटॉपवरून उचलू नका, त्यानं नसत्या भानगडी होतात. फेब्रुवारी २०११ मध्ये योजनेला कात्री लागली तेव्हा नाकारलेले अर्ज त्याच वर्षीच्या नव्या कायद्यानंतर पुन्हा बघितले गेले. २०१५ मध्येही तसंच झालं. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना ते सोपं गेलं.

माझी फाईल तळघरात वॉटर हीटरच्या शेजारी आहे. जरा उंचावर ठेवली आहे, ओहायोतल्या तळघरांत वसंतात पाणी येतं.